ग्रामसभा नसलेलं गाव

१८७० मध्ये मुंबई सरकारने घोडबंदर, मिरे आणि भाईंदर या तीन गावांच्या जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी या गृहस्थांना ९९९ वर्षांच्या कराराने दिल्या. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून त्यांनी बांध घालायचे, ते राखायचे आणि मोबदल्यात कुळांच्या पिकातला वाटा घ्यायचा, असं ठरलं. हा करार पुढे हस्तांतरित होत गेला आणि १९४० च्या दशकात एका इस्टेट कंपनीकडे आला. आज त्या खाचरांवर सात-सात मजली सोसायट्या उभ्या आहेत. तरीही जुनी इमारत पाडून नवी बांधायची म्हटली की या कंपनीच्या ना-हरकत दाखल्याचा प्रश्न निघतो, आंदोलनं होतात, प्रकरणं मंत्रालयात आणि कोर्टात जातात. बांधांचा मागमूस उरला नाही, पण बांधांसाठी केलेला कागद अजून जिवंत आहे. मिरा-भाईंदरच्या जमिनीचा इतिहास कुठून सुरू करायचा असा प्रश्न पडला, तर मी या कागदापासून करीन.

या तीन गावांच्या शेजारी, घोडबंदर रस्त्यावर चेणे आहे. दक्षिणेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, उत्तरेला उल्हास नदीची खाडी आणि दोहोंच्या मध्ये चिंचोळी पट्टी. उद्यानातून उतरणारी चेण्याची नदी गावाजवळून खाडीला मिळते. पावसाळ्यात मुंबईचे लोक या पाण्यात डुंबायला येतात, आणि बहुतेकांना चेणे तेवढंच माहीत असतं. पण चेणे ज्यात येतं त्या साष्टी बेटातल्या गावांचं गेल्या दीडशे वर्षांत काय झालं, गावाची जमीन कुणाच्या सहीने कुणाची झाली, हे पाहायचं असेल तर मिरा रोडच्या मध्यापेक्षा हे कडेचं गाव जास्त सांगतं. मध्यावरचा निकाल कधीच लागून गेला. कडेला अजून वाद चालू आहे.

साष्टी बेट १५३४ मध्ये वसईच्या तहाने पोर्तुगीजांकडे गेलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते जिंकलं. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. घोडबंदरच्या टेकडीवरच्या किल्ल्याने हे सगळे धनी पाहिले. मात्र गावाच्या दृष्टीने खरा पालट त्यानंतर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने साष्टीतली गावंच्या गावं मुंबईतल्या धनिकांना देऊन टाकली. पवई फ्रामजी कावसजींना मिळालं आणि त्यांनी तिथे उसापासून आंब्यापर्यंत लागवडी करून पाहिल्या. ज्याच्या हातात भांडवल आहे तो विहिरी खणील, पडीक जमीन लागवडीला आणील, हा सरकारचा हिशेब. त्यात काही खोटं नव्हतं. पण पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये त्यामुळे तिसरा माणूस येऊन बसला. सरकारला सारा कोण देतो, याचं उत्तर बदललं. जमिनीत कोण राबतो, याचं उत्तर तेच राहिलं.

१८६४ मध्ये बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत आली. भाईंदरच्या मिठागरांतलं मीठ गाडीने जाऊ लागलं. आगरात राबणारे, भात लावणारे, खाडीत जाळी टाकणारे आगरी-कोळी. डोंगरात वारली पाडे. हे जग पुढची शंभर वर्षं फारसं हललं नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने मधल्या माणसाला हटवायचं मनावर घेतलं. १९४८ चा कूळकायदा आला. साष्टीतल्या इस्टेटींची सारामाफी रद्द करणारा खास कायदा १९५१ मध्ये झाला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवून कसणाऱ्या कुळाला मालक मानलं गेलं. ज्याचं नाव इतकी वर्षं कुणाच्या तरी खाली लिहिलेलं होतं, त्याचं नाव सातबाऱ्यावर पहिल्या जागी आलं. पुढे जे घडलं ते वाचताना ही गोष्ट विसरता कामा नये. साष्टीतल्या अनेक शेतकऱ्यांना जमिनीची खरी मालकी मिळाली आणि पंचवीस-तीस वर्षांत ती विकायची वेळ आली. मालक म्हणून जगायला त्यांना एकच पिढी मिळाली.

त्याच १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दहिसरपर्यंत वाढली. दहिसरच्या पलीकडचं मिरे-भाईंदर ठाणे जिल्ह्यातच, ग्रामपंचायतींच्या कारभारात राहिलं. नकाशावर ओढलेल्या या एका रेघेने पुढचं सगळं ठरवलं. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठली होती, त्यामुळे भाड्याने द्यायला घरं बांधणं कुणाला परवडेना. १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला आणि फ्लॅट विकत घेणं हीच घर मिळवण्याची रूढ वाट बनली. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा आला. मोठ्या मालकांची जादा जमीन घेऊन तिथे गरिबांसाठी घरं बांधायची, हा त्याचा हेतू. झालं उलट. सूट आणि खटले यांच्या जाळ्यात मुंबईतली जमीन अडकून पडली आणि भाव चढले. गिरगाव-परळची खोली सोडलेला कारकून, १९८२ च्या संपात होरपळलेला गिरणी कामगार, पुढे १९९२-९३ च्या दंगलींनंतर सुरक्षित शेजार शोधत निघालेली मुसलमान कुटुंबं, या सगळ्यांना परवडेल असं घर दहिसरच्या नाक्यापलीकडे होतं. शांतीनगर, नयानगर ही नावं त्या काळाची.

त्या वेळी बांधकामाची परवानगी गावातच मिळे. सरपंचाचा दाखला, तलाठ्याकडचा फेरफार, जिल्हाधिकाऱ्याकडची बिगरशेती परवानगी आणि पुष्कळदा यांतलं एखादं नसतानाही काम सुरू. ग्रामपंचायत चांगली आणि नंतर आलेली महापालिका वाईट, असं मला म्हणायचं नाही. भाताच्या चार गावांसाठी घडवलेली ती संस्था होती. अभियंता नाही, गटारांचा नकाशा नाही, पाण्याची सोय नाही. रेल्वे स्टेशनाभोवती हजारो बिऱ्हाडं उतरली तेव्हा तिच्या आवाक्यातलं काहीच उरलं नाही. नगरपरिषद येणं अटळ होतं.

१२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायती मिळून मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली. १९९० मध्ये दुसरा टप्पा आला. त्यात उत्तन-डोंगरीची किनारपट्टी, राई-मुर्धे आणि डोंगराच्या पायथ्याचा चेणे-वर्सावे हा पट्टा शहरात घेतला गेला. या दुसऱ्या टप्प्यातल्या गावांत तोवर इमारती आल्या नव्हत्या. शहर गावात येण्याआधी गाव शहरात गेलं. वाढीची जागा हद्दीत असावी, हा त्यामागचा विचार नियोजनाच्या दृष्टीने बरोबरच होता. हद्दीबाहेर ठेवलं असतं तर तिथे काय उभं राहिलं असतं, ते घोडबंदर रस्त्याच्या इतर टापूंत दिसतंच.

पण तारखा जरा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. १९९२ मध्ये संसदेने त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती केली. २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली. गावातला प्रत्येक मतदार जिचा सभासद आहे, जिथे उभं राहून अंगठाबहाद्दर म्हातारीही सरपंचाला जाब विचारू शकते, अशी ती सभा. देशातल्या लाखो गावांना ती मिळाली, त्याच्या तीनच वर्षं आधी चेण्याची ग्रामपंचायत संपली होती. शहरांसाठी चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने नगरसेवक दिले, आरक्षणं दिली, वॉर्ड समित्या दिल्या. सर्व मतदारांची सभा मात्र दिली नाही. चेण्याच्या माणसाने गमावलं ते हे. सरपंचाची खुर्ची गेल्याचं मला फारसं वाटत नाही. आपल्या शिवाराबद्दल बोलायची हक्काची जागा गेली, याचं वाटतं.

पुढचं दशक शहराचं होतं. १९९१ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे १ लाख ७५ हजार, २००१ मध्ये ५ लाख २० हजार, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. दहा वर्षांत तिप्पट होणाऱ्या या शहराकडे स्वतःचं धरण नव्हतं. शहाड-टेमघर पाणीयोजना आणि औद्योगिक विकास महामंडळ देईल तेवढं पाणी, बाकी टँकर. आता पालघरच्या सूर्या प्रकल्पाचं पाणी आलं किंवा येतं आहे असं शहरात बोलतात, तेव्हा ते पाणी नेऊ नका म्हणून तिकडच्या शेतकऱ्यांनी किती वर्षं विरोध केला, याचीही आठवण ठेवायला हवी. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेची महापालिका झाली. ७९ चौरस किलोमीटरांच्या हद्दीत आगर, खारफुटी, डोंगर आणि समुद्रकिनारा असं सगळं आलं. शहराला कचरा टाकायला जागा हवी होती, तर ती निघाली उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर. तिथल्या गावकऱ्यांना दुर्गंधी आणि आगी यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडावं लागलं. कडेच्या गावांची शहराला आठवण येते ती अशा वेळी.

विकास आराखडा १९९७ मध्ये मंजूर झाला. आराखडा हा जमिनीचं नशीब लिहिणारा कागद. इथे निवासी, तिथे ना-विकास, या तुकड्यावर बाग, त्यावर रस्ता. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, ठरावीक मुदतीत हरकती-सूचना मागवल्या जातात आणि एक नियोजन समिती त्यांची सुनावणी घेते. वाचायला हे लोकशाहीचं काम आहे. प्रत्यक्षात मुदत सुरू झाल्याचं कळतं वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरून. नकाशावर गट नंबर शोधायचा, रंगाचा अर्थ लावायचा, अर्ज लिहायचा. ज्याचा वास्तुविशारद आहे तो हे एका दुपारी करतो. ज्याच्याकडे आजोबांच्या नावाचा सातबारा आणि वाटणी न झालेले अकरा वारस आहेत, त्याची मुदत वारस जमवण्यातच संपते. ग्रामसभा असती तर निदान कुणीतरी नकाशा भिंतीला लावून सगळ्यांना एकदम वाचून दाखवला असता. सुधारित आराखड्याचं प्रारूप २०२२ मध्ये आलं, तेव्हाही हाच रिवाज होता.

गावठाणाचा प्रश्न याला जोडूनच येतो. गावठाणाची हद्द जुनी, घरं मात्र वाढली. मुलगा वेगळा राहू लागला, गोठ्याच्या जागी दोन खोल्या झाल्या, वर एक मजला चढला. ग्रामपंचायतीत ते घर होतं. महापालिकेच्या नियमांत ते वाढीव बांधकाम ठरतं. मुंबई परिसरातल्या जवळजवळ प्रत्येक गावठाणाची ही कथा आहे. शहराचे नियम समोरचं मोकळं अंतर, चटई क्षेत्र, रस्त्याची रुंदी मोजतात. कुटुंब कसं वाढतं हे मोजणारा नियम अजून कुणी लिहिलेला नाही.

आणि चेण्याला डोंगर आहे. तिथे महापालिकेचाही शब्द अखेरचा नाही. महाराष्ट्र खासगी वने संपादन कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला आणि खासगी जंगलं सरकारजमा झाली. त्यासाठी आधार धरला गेला तो १९२७ च्या वन कायद्याखाली १९५० च्या दशकात काढलेल्या नोटिशींचा. नोटिशी निघाल्या, पण पुढे काहीच झालं नाही. जमिनी विकल्या गेल्या, घरं उभी राहिली. २००५ मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने नोंदी अद्ययावत करायला सांगितलं आणि २००६ पासून मुंबई-ठाण्यातल्या हजारो सातबाऱ्यांवर वनाचा शेरा चढला. मुलुंडमध्ये कर्ज फेडत असलेल्या फ्लॅटमालकांना कळलं, की आपण जंगलात राहतो. २४ मार्च २००८ रोजी उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइस प्रकरणात ती फिरवली. पन्नास वर्षांपूर्वीची, मालकाला पोचली की नाही हेही ठाऊक नसलेली नोटीस दाखवून जमीन घेता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा.

तो निकाल मला न्याय्य वाटतो. पण तो मिळाला कुणाला, हेही पाहिलं पाहिजे. ज्याच्याकडे खरेदीखत होतं, संघटना होती, वकील होते, त्याला. डोंगरातल्या पाड्यावरच्या माणसाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्यासाठी २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्या कायद्यात दाव्याची सुरुवात करण्याचा अधिकार कुणाला आहे? ग्रामसभेला. महापालिकेच्या हद्दीतल्या पाड्याला ग्रामसभा कुठून आणायची? शहरी हद्दीतल्या जंगलालाही कायदा लागू आहे, हे केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाला नंतर स्वतंत्रपणे कळवावं लागलं. १९९० चा तो एक प्रशासकीय निर्णय सोळा वर्षांनी असा आडवा आला. निर्णय घेणाऱ्यांच्या मनात तसं काही असण्याचं कारण नाही. तेव्हा हा कायदाच नव्हता.

५ डिसेंबर २०१६ रोजी केंद्राने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला. सुमारे ५९ चौरस किलोमीटर. रुंदी कुठे १०० मीटर, कुठे ४ किलोमीटर. शंभर मीटर आणि चार किलोमीटर यांतला फरक कशाने पडला, हे नकाशावर कुठे आधीच इमारती होत्या ते पाहिलं की बरंचसं उमगतं. जिथे शहर उद्यानाच्या भिंतीला भिडलं होतं तिथे पट्टा आक्रसला. जिथे गावं होती तिथे तो पसरायला मोकळा होता. ज्यांनी डोंगर सांभाळला त्यांच्यावर बंधनांचा भार जास्त. तरीही मी या झोनच्या बाजूने आहे. बिबट्याची ये-जा, नदीचा उगम, पावसाचं पाणी मुरायची जागा, हे सगळं एकदा गेलं की कोणतीही महापालिका ते ठराव करून परत आणू शकत नाही. माझी तक्रार एवढीच, की झोनचा विभागीय आराखडा दोन वर्षांत, स्थानिकांना विचारून करायचा असं अधिसूचनाच सांगते. आणि कडेच्या गावांत ते विचारणं घडल्याचं कधी जाणवलं नाही. दरम्यान चेण्याच्या नदीकाठाचं सुशोभीकरण मांडलं गेलं, गायमुख ते शिवाजी चौक मेट्रोची रेघ घोडबंदर रस्त्यावरून ओढली गेली. प्रत्येक योजनेचं कार्यालय वेगळं.

शहरात गेलेल्या गावाचा आवाज जातो, हा प्रश्न खाडीपलीकडे वसईत लोकांनी रस्त्यावर आणला होता. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा हिरव्या पट्ट्यातली गावं उठली. ‘आमची ग्रामपंचायत आम्हाला ठेवा’ या मागणीवर त्याच वर्षी विवेक पंडित अपक्ष म्हणून आमदार झाले. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं १९८३ मध्ये आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. या आत-बाहेरच्या खेळात गावांचं हित किती आणि आतल्या जमिनीच्या भावाचं किती, हा प्रश्न रास्त आहे. मला स्वतःला वगळणं हा उपाय वाटत नाही. बाहेर पडलेल्या गावाला पाणी, दवाखाना, कचरागाडी कोण देणार? हवी आहे ती आत राहूनही बोलण्याची सोय.

ती सोय उलट कमी होत गेली. २०१७ च्या निवडणुकीत मिरा-भाईंदरच्या ९५ जागा २४ प्रभागांत बसवल्या गेल्या. जवळजवळ प्रत्येक प्रभागात चार नगरसेवक. चारजण मिळून प्रतिनिधी, म्हणजे कोणाही एकाला धरायची सोय नाही. डोंगराच्या पायथ्याची थोडी मतं अशा मोठ्या प्रभागात कुठल्या कुठे विरतात. ऑगस्ट २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. सुधारित आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं ते याच काळात, म्हणजे शहरात एकही नगरसेवक नसताना. जानेवारी २०२६ मध्ये एकदाची निवडणूक झाली.

कायद्यात वाट आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्रांच्या परिसरातले सर्व मतदार तिचे सभासद. शहराला मिळू शकणारी ग्रामसभा हीच. राज्यात ती बहुतेक कागदावरच राहिली. नव्या सभागृहाने ती भरवायची ठरवली, तर पहिली क्षेत्रसभा चेण्यात घ्यावी. तीन विषय पुरेत: गावठाणाची हद्द कुठपर्यंत धरायची, नदीकाठी काय करायचं आणि काय करायचं नाही, पाड्यांवरच्या घरांची नोंद कोण करणार. तलाठी, वन खात्याचा अधिकारी आणि महापालिकेचा नगररचनाकार एकाच टेबलाशी बसलेले असावेत, आणि नकाशा भिंतीला लावलेला असावा, गट नंबर वाचता येतील एवढा मोठा.